बर्फाखालचे गवत

कझाक पशुपालक हिवाळ्यात जनावरे कुरणावर सोडत तेव्हा त्यांचा क्रम ठरलेला असे. आधी घोडे सोडायचे. घोडा पुढच्या खुराने बर्फ उकरतो, खालच्या वाळल्या गवताचे शेंडे खातो आणि पुढे सरकतो. त्याच्या मागून गुरे जातात आणि सर्वांत शेवटी मेंढ्या, कारण साचलेला बर्फ फोडण्याची ताकद मेंढीच्या खुरात नसते. घोड्याने मोकळ्या केलेल्या जागेतच तिला तोंड घालावे लागते. पण घोडाही जिथे हात टेकतो अशी एक आपत्ती होती. ऐन हिवाळ्यात दोन दिवस ऊब आली, वरचा बर्फ वितळला आणि लगेच पुन्हा गोठला, की मैदानावर काचेसारखे कवच धरते. खूर घसरतो, पाय सोलवटतात आणि गवत वीतभर खाली असूनही तोंडाला लागत नाही. याला कझाक भाषेत ‘झूत’ म्हणतात. एका झूतमध्ये हजार मेंढ्यांचा धनी वसंत येईपर्यंत कफल्लक होऊ शके. त्यावर इलाज दोनच होते. वाऱ्याला आडोसा असलेली, बोरूच्या दाटीची नदीकाठची जागा हिवाळ्यासाठी राखून ठेवायची. आणि तिथेही कवच धरलेच तर दुसरीकडे निघून जायची वाट मोकळी असायला हवी. अशा हिवाळी मुक्कामाला ‘किस्ताव’ म्हणत आणि उन्हाळी कुरणाला ‘झायलाव’. उन्हाळ्यात गवत अमाप असे, त्यामुळे कोण कुठे चारतो याची फारशी तमा नसे. किस्ताव मात्र मोजके होते आणि पिढ्यान्‌पिढ्या एकेका कुळाच्या वहिवाटीचे होते. नकाशावर रिकामे दिसणारे ते अफाट मैदान या मोजक्या नदीकाठांच्या आधारावर जगत होते.

उरल नदीपासून अल्ताई पर्वताच्या पायथ्यापर्यंत पसरलेला हा गवताळ मुलूख, म्हणजे कझाक स्टेप, रशियन साम्राज्याने घशात घातला त्याला सुमारे दीडशे वर्षे लागली. एवढ्या काळात इतिहासाच्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापावी अशी निर्णायक लढाई इथे जवळपास झालीच नाही. मग एवढा प्रदेश हाती आला कसा? नेहमीची उत्तरे दोन आहेत. एक म्हणजे बंदुकीपुढे धनुष्य आणि घोडा टिकला नाही. दुसरे म्हणजे भटक्या टोळ्यांचे छापे थांबवण्यासाठी साम्राज्याला नाइलाजाने एकेक पाऊल पुढे टाकावे लागले. दोन्हींत तथ्याचा अंश आहे, पण पुरावा ओळीने लावून पाहिला की चित्र निराळे दिसते. स्टेपचा निकाल हिवाळी कुरणांवर लागला. किल्ल्यांची रांग नदीकाठी बसली, हलण्याची मुभा गेली आणि तिच्यामागोमाग सत्ताही गेली. शिवाय ज्या बेबंदशाहीकडे बोट दाखवत साम्राज्य पुढे सरकत राहिले, तिचा बराचसा भाग त्या रांगेनेच निर्माण केला होता.

यातल्या दुसऱ्या उत्तराची सर्वांत घोटीव मांडणी रशियाचे परराष्ट्रमंत्री अलेक्सांद्र गोर्चाकोव्ह यांनी १८६४ च्या अखेरीस युरोपीय राजधान्यांतील आपल्या वकिलातींना पाठवलेल्या परिपत्रकात सापडते. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा. स्थिर समाजव्यवस्था नसलेल्या अर्धरानटी भटक्यांशी ज्या सुसंस्कृत राज्याची सीमा भिडते, त्याला आधी छापे आणि लुटालूट मोडून काढावी लागते, आणि त्यासाठी शेजाऱ्यांना ताब्यात ठेवावे लागते. ताब्यात आलेले लोक शांत झाले की त्यांच्यावर पलीकडचे तुटून पडतात, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी आणखी पुढे जावे लागते. अमेरिकेचे, अल्जीरियातील फ्रान्सचे, वसाहतींतील हॉलंडचे आणि हिंदुस्थानातील इंग्लंडचे असेच झाले. महत्त्वाकांक्षेपेक्षा गरजेनेच या सगळ्यांना पुढे ओढले. रशिया मात्र कुठे थांबायचे ते जाणतो, असे परिपत्रक सांगते. जिथे भटके संपून शेतकरी आणि व्यापारी वस्ती सुरू होते, तिथे त्याची सीमा ठरेल, कारण अशा लोकांशी शेजारधर्म पाळता येतो. हा युक्तिवाद चलाख आहे, पण त्यात तपासून पाहता येतील असे दोन दावे आहेत. आधी उपद्रव आणि मग किल्ला, हा एक. भटके संपले की पुढे सरकण्याची गरजही संपते, हा दुसरा.

पहिल्या दाव्यासाठी किल्ल्यांच्या तारखा पाहू. १५५२ मध्ये काझान आणि १५५६ मध्ये आस्त्राखान जिंकल्यावर व्होल्गा रशियाच्या हाती आली आणि तिच्या काठाने समारा, त्सारित्सिन अशी ठाणी बसली. त्याहून पूर्वेची रांग पीटर पहिल्याच्या काळातली. त्याने १७१४ मध्ये इव्हान बुखहोल्त्स या अधिकाऱ्याला इर्तिश नदीच्या वरच्या अंगाला धाडले ते सोन्यासाठी. यारकंदच्या बाजूला सोने सापडते अशी वार्ता दरबारी पोचली होती. सोने मिळाले नाही, उलट जुंगार मंगोलांनी मोहिमेला कोंडीत धरून मागे फिरवले. परतीच्या वाटेवर १७१६ मध्ये ओम्स्कचा किल्ला उभा राहिला. पाठोपाठ १७१८ मध्ये सेमिपालातिन्स्क आणि १७२० मध्ये उस्त-कामेनोगोर्स्क. पश्चिमेला याईक नदीवर, म्हणजे आजच्या उरलवर, १७३५ मध्ये ओरेनबुर्गची पायाभरणी झाली; १७४३ मध्ये ते सध्याच्या जागी हलवले गेले. १७५२ मध्ये पेत्रोपाव्लोव्स्क बांधून दोन्ही रांगा जोडल्या गेल्या, आणि कास्पियन समुद्रापासून अल्ताईपर्यंत किल्ले, गढ्या आणि टेहळणीचे बुरूज यांचे एक अर्धवर्तुळ तयार झाले. ते नद्यांच्या काठाने जाणे स्वाभाविक होते, कारण शिबंदीला पाणी हवे, सरपण हवे, होड्यांची वाहतूक हवी. पण आडोसा, बोरू आणि पाणी या तिन्हींसाठी पशुपालकांनी निवडलेले काठही हेच होते. १७५६ मध्ये कझाकांनी कळप घेऊन याईक ओलांडू नये असा हुकूम निघाला. इर्तिशच्या बाजूला स्टेपकडच्या काठालगतची दहा वर्स्त, म्हणजे साधारण साडेदहा किलोमीटर रुंदीची पट्टी त्यांना बंद झाली. पुढे ही पट्टी कोसॅक शिबंदीच्या वहिवाटीला गेली, आणि मग तेच कोसॅक ती हिवाळ्यासाठी कझाकांना भाड्याने देऊ लागले. आजोबा जिथे हक्काने तळ टाकत होते, तिथे नातू पैसे मोजून उतरू लागला.

किल्ल्यांवरचे हे कोसॅक आणि बाहेरचे कझाक यांच्या नावांचा उगम एकाच तुर्की शब्दात आहे: ‘कझाक’, म्हणजे कुणाचा ताबेदार नसलेला, मोकळा फिरस्ता. गोंधळ नको म्हणून रशियन दप्तरात कझाकांना विसाव्या शतकापर्यंत ‘किरगिझ’ असेच लिहीत. नावापलीकडेही सारखेपणा होता. सैबेरियन रांगेवरच्या कित्येक कोसॅक घरांत कझाक भाषा सर्रास बोलली जाई, तर कझाकांनी त्यांच्याकडून गवत कापून साठवायची रीत उचलली. ओरेनबुर्गला नदीपलीकडे, स्टेपच्या अंगाला, अदलाबदलीचा मोठा बाजार भरे. तिथे मेंढ्या, घोडे आणि कातडी देऊन कझाक धान्य, कापड आणि लोखंडी भांडी नेत. म्हणून ही रांग म्हणजे दोन जगांमधली अभेद्य भिंत होती, असे चित्र रंगवणे चुकीचे ठरेल. व्यापार दोघांनाही हवा होता. पण बाजाराला येणारा माणूस उन्हाळ्यात येई आणि परत जाई. थंडीतल्या चार महिन्यांचा प्रश्न बाजाराने सुटत नव्हता. रांग माणसांना आणि मालाला पुष्कळदा वाट देत होती. कळपांना मात्र ती परवान्यावाचून सोडत नव्हती, आणि कळप अडला की त्याचा धनी रांगेवरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर आला.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. रशियाला स्टेपमध्ये बोलावले ते कझाक खानानेच, मग आक्रमण कसले? वस्तुस्थिती खरी आहे. १७२३ मध्ये जुंगारांच्या स्वारीने कझाकांची दाणादाण उडवली होती. कझाक लोकस्मृतीत त्या वर्षाची आठवण अनवाणी पायांनी केलेल्या पळापळीची म्हणून राहिली आहे. कझाकांचे तीन मोठे समूह होते, त्यांना ‘झूज’ म्हणत. त्यांपैकी धाकट्या झूजच्या अबुलखैर खानाने १७३० मध्ये सम्राज्ञी आन्नाकडे वकील धाडले. तिने परराष्ट्र खात्यातला तातार दुभाष्या मुहम्मद तेवकेलेव्ह याला पाठवले आणि ऑक्टोबर १७३१ मध्ये अबुलखैरने कुराणावर हात ठेवून शपथ घेतली. ओर नदीच्या मुखाशी शहर बांधा ही विनंतीही त्याचीच. पण खुद्द तेवकेलेव्हच्या रोजनिशीवरून दिसते, की बहुतेक वडीलधाऱ्यांचा या शपथेला कडाडून विरोध होता आणि त्याच्या स्वतःच्या जिवावरही बेतले होते. स्टेपमध्ये खान हा बरोबरीच्यांतला थोरला. कुळांचा पाठिंबा असेपर्यंत खान. त्याने घेतलेली शपथ माणसामाणसांतला करार होती, परिस्थिती बदलली की तो सुटे किंवा दुसऱ्याशी जुळे. मधल्या झूजच्या अबिलाईने १७४० मध्ये रशियाची आणि १७५७ मध्ये चीनच्या छिंग सम्राटाचीही अधीनता पत्करली, त्यात त्याला विसंगती वाटली नाही. पीटर्सबर्गच्या लेखी मात्र हीच शपथ कायमच्या प्रजाजनत्वाची होती आणि ती मोडणारा बंडखोर ठरत होता. खानाच्या मुलाला ओलीस ठेवण्याची रीत होती, त्या ओलिसाला रशियन कागदपत्रांत ‘अमानत’ म्हणत. आपल्याकडे अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली, मागताच परत मिळणारी ठेव. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांत जेवढे अंतर आहे, जवळजवळ तेवढेच त्या शपथेच्या दोन अर्थांत होते. आमंत्रण होते हे मान्य. पण ते मित्राला होते, आणि खानाच्या पलीकडच्या हजारो तंबूंनी ते दिलेलेही नव्हते.

रांगेने काय साधले हे कझाकांच्या आधी काल्मिकांना भोगावे लागले. तोर्गुत मंगोलांचे हे वंशज १६३० च्या सुमारास व्होल्गाकाठी आले होते आणि शतकभर रशियाचे घोडदळ म्हणून लढले. पण परदेशी वसाहतकऱ्यांना बोलावणाऱ्या १७६३ च्या जाहीरनाम्यानंतर व्होल्गाकाठी जर्मन शेतकऱ्यांच्या वसाहती बसल्या, कोसॅक गावे वाढली आणि चराऊ पट्टे आकसत गेले; तुर्कस्तानाशी युद्ध पेटल्यावर स्वारांची मागणी मात्र वाढली. जानेवारी १७७१ मध्ये उबाशी खानाने दीड लाखांहून अधिक माणसे, तंबू आणि कळप घेऊन पूर्वेची वाट धरली. छिंग फौजांनी दीड दशकापूर्वी जुंगारांचा निःपात केल्याने ओस पडलेली कुरणे त्यांना गाठायची होती. त्या हिवाळ्यात व्होल्गा नीट गोठली नाही, म्हणून पश्चिम काठावरचे काल्मिक ओलांडून येऊ शकले नाहीत; आजच्या काल्मिकियाचे लोक त्यांचे वारस. निघालेल्यांवर वाटेत कझाकांनी हल्ले चढवले, वाळवंटाने आणि उपासमारीने उरलेले काम केले. इली नदीच्या खोऱ्यात निम्म्याहून कमी लोक पोचले. भटके लोक एकमेकांशी भावासारखे वागत, असे भोळे चित्र या घटनेपुढे टिकत नाही. पण या प्रकरणातला दावा कोण सज्जन होते याबद्दल नाही. जे काल्मिक साम्राज्याशी शंभर वर्षे जुळवून राहिले, त्यांना उठवून लावायला छाप्याची गरज पडली नाही. कुरण आटले, तेवढे पुरले. रिकाम्या झालेल्या व्होल्गा-उरल पट्ट्यात १८०१ मध्ये बुकेई सुलतानाला हजारो कझाक कुटुंबांसह यायची परवानगी मिळाली. पुढे पस्तीस वर्षांत तिथल्या जमिनी खानाच्या मर्जीतल्यांच्या आणि शेजारच्या जमीनदारांच्या घशात गेल्या, तेव्हा इसाताई तायमानोव्ह आणि कवी मखाम्बेत उतेमिसोव्ह यांच्या नेतृत्वाखाली त्याच कझाकांनी १८३६ ते १८३८ असे बंड केले.

आता त्या ‘छाप्यां’कडे वळू. रांगेवरच्या अहवालांत ‘बारिम्ता’ हा शब्द वारंवार येतो आणि अधिकारी त्याचा अर्थ सरळ गुरेचोरी असा लावतात. कझाक रूढीत त्याचा अर्थ वेगळा होता. एखाद्या कुळाने खुनाची भरपाई दिली नाही किंवा ‘बी’ म्हणजे न्यायनिवाडा करणाऱ्या पंचापुढे यायला नकार दिला, तर दुखावलेले कुळ त्याचे घोडे हाकून नेई, आणि ते उघडपणे कबूलही करी. घोडे ही तारण ठेवलेली वस्तू. समोरचा निवाड्याला आला, हिशेब झाला की परत. तुरुंग आणि पोलीस नसलेल्या समाजात माणसाला न्यायासमोर खेचून आणण्याचे ते साधन होते. मिखाईल स्पेरान्स्की याच्या १८२२ च्या कायद्याने मधल्या झूजमधले खानपद रद्द केले आणि स्टेपची मांडणी कागदी चौकटीत बसवली: पन्नास ते सत्तर तंबूंचे एक आऊल, दहा-बारा आऊलांचे एक व्होलोस्त, पंधरा-वीस व्होलोस्तांचे एक ओक्रुग, आणि ओक्रुगची हद्द ओलांडायला परवाना. याच कायद्याने बारिम्ताला राजद्रोह, खून आणि दरोडा यांच्या पंक्तीत बसवले. परिणाम दुहेरी झाला. जी गोष्ट काल तंटा मिटवण्याची रीत होती ती आज गुन्हा ठरली, त्यामुळे दप्तरात गुन्हे वाढले. आणि पंचांचा शब्द चालेनासा झाल्यावर हाकून नेलेले घोडे परत करण्याचे बंधन सैल झाले, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी बारिम्ता खरोखरच लूट बनली. तरुण कझाक विद्वान आणि रशियन सैन्यातला अधिकारी चोकान वालिखानोव्ह याने १८६४ मध्ये न्यायसुधारणेवर टिपण लिहून पंचांचे न्यायदान आहे तसे ठेवावे असे कळकळीने सुचवले होते, ते याच अनुभवातून. गोर्चाकोव्हच्या परिपत्रकातली बेबंदशाही खोटी नव्हती. पण तिच्यातला मोठा हिस्सा साम्राज्याच्या नव्या व्याख्यांतून आणि नव्या हद्दींतून आला होता.

हद्दीविरुद्धचा सर्वांत मोठा उठाव अबिलाईचा नातू केनेसारी कासिमोव्ह याचा. १८३७ ते १८४७ अशी दहा वर्षे तो लढत राहिला. झारला आणि ओरेनबुर्गच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत त्याच्या मागणीचा गाभा होता तो किल्ले आणि ओक्रुग कचेऱ्या हटवण्याचा, आजोबांच्या काळी होती तशी भूमी परत करण्याचा. १८३८ मध्ये त्याने इशिमकाठचा अकमोलिन्स्क किल्ला जाळला. १८४१ मध्ये त्याला खान म्हणून उचलून धरण्यात आले. रशियन तुकड्या त्याचा पाठलाग करून थकल्या, कारण उन्हाळ्यात मैदान त्याचे होते. १८४५ मध्ये इर्गिझ आणि तुर्गाई या नद्यांवर, ऐन स्टेपच्या पोटात, दोन नवी ठाणी उभी राहिली, तेव्हा त्याचे पारडे फिरले. ज्या हिवाळी आसऱ्यांच्या बळावर त्याचे लोक तगत होते, ते आता तोफेच्या टप्प्यात आले. त्याला दक्षिणेकडे सरकावे लागले आणि १८४७ मध्ये किरगिझांशी लढताना तो मारला गेला. इतक्या वर्षांच्या पाठलागाने जे जमले नाही ते नदीकाठच्या दोन मातीच्या गढ्यांनी केले.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण स्टेपमधून पळवून नेलेली माणसे तर खरी होती ना? खरी होती. कझाक आणि तुर्कमेन टोळ्या रांगेवरच्या वस्त्यांतून आणि कास्पियनच्या कोळ्यांतून माणसे उचलत आणि खिवा, बुखारा या दक्षिणेकडच्या राज्यांच्या बाजारांत गुलाम म्हणून विकत. या दुःखाला कमी लेखायचे कारण नाही. पण बळाने त्यावर काय साधले ते पाहावे. नोव्हेंबर १८३९ मध्ये ओरेनबुर्गचे लष्करी गव्हर्नर वासिली पेरोव्स्की सुमारे पाच हजार सैनिक आणि दहा हजार उंट घेऊन खिवावर निघाले. उन्हाळ्यात वाटेत पाणी नसते, म्हणून मुद्दाम हिवाळा निवडला होता. बर्फ विलक्षण पडला. उंटांना चारा मिळेना, पाय कापले जाऊ लागले, रोज शेकड्यांनी मरू लागले. फेब्रुवारीत मोहीम अर्ध्या वाटेवरून फिरली. हजाराहून अधिक माणसे गेली आणि खिवाच्या तटापर्यंत एकही रशियन पोचला नाही. बंदुका, तोफा, युरोपीय कवायत हे सगळे जवळ असताना बर्फाखालच्या गवताने हे सैन्य परतवले. त्याच वर्षी, १८४० मध्ये, हिंदुस्थानातल्या कंपनी सरकारचा रिचमंड शेक्सपिअर नावाचा तरुण तोफखाना अधिकारी हेरातहून खिवाला पोचला, खानाशी बोलणी केली आणि ४१६ रशियन गुलाम सोडवून ओरेनबुर्गला आणून पोचवले. त्याचा हेतू काही निव्वळ भूतदयेचा नव्हता. रशियाला चाल करायचे निमित्त उरू नये अशी इंग्रजांची इच्छा होती, आणि दुसरी स्वारी येईल या धास्तीने खानही नरमला होता. तरीही कैद्यांचा प्रश्न वाटाघाटीने हलू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. निमित्त गेले, पण चाल थांबली नाही. १८४७ मध्ये सिर दर्याच्या मुखाशी राईमचा किल्ला झाला, १८५३ मध्ये अक-मेचेत जिंकले, १८५४ मध्ये वेर्नी म्हणजे आजचे अलमाटी वसले. खिवा पडले ते १८७३ मध्ये, म्हणजे पाण्याच्या आणि चाऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर ठाणे बसल्यानंतर. तोवर बंदूकही बदलली होती, पण त्याहून मोठा बदल होता तो मुक्कामांच्या मालकीत.

गोर्चाकोव्हचा दुसरा दावा तर वर्षभरही टिकला नाही. शेतकरी-व्यापारी वस्ती लागली की रशिया थांबेल, हे लिहिल्यावर सात-आठ महिन्यांत, जून १८६५ मध्ये, जनरल चेर्न्यायेव्हने ताश्कंद घेतले. बागा, कालवे आणि बाजारपेठांचे हे शहर भटक्यांचे खासच नव्हते. १८६८ मध्ये समरकंद गेले, १८७६ मध्ये कोकंदचे राज्य खालसा झाले. काही अभ्यासक म्हणतात की चेर्न्यायेव्हसारखे महत्त्वाकांक्षी सेनापती वरच्यांना न जुमानता पुढे घुसले, दरबाराचा तसा बेत नव्हता. ते मान्य केले तरी दरबाराने ना ताश्कंद परत दिले ना समरकंद, हेही मान्य करावे लागते. चेर्न्यायेव्हच्याच तुकडीबरोबर १८६४ मध्ये औलिये-अता इथे असलेला वालिखानोव्ह तिथली कत्तल पाहून फौज सोडून निघून गेला आणि पुढल्याच वर्षी, तिशीही न गाठता, वारला. साम्राज्याच्या शिक्षणावर आणि सुधारणेवर ज्याचा मनापासून विश्वास होता, असा तो कझाक होता.

मैदान पूर्ण ताब्यात आल्यावर, जेव्हा छाप्यांचा प्रश्न शिल्लकच नव्हता, तेव्हा काय झाले, ही या युक्तिवादाची शेवटची कसोटी. रांगेचे कारण जर सुरक्षितता असते तर कुरणे आता मोकळी व्हायला हवी होती. झाले उलट. १८६८ च्या नियमांनी कझाकांची सगळी जमीन सरकारी मालकीची ठरवली, कझाकांकडे फक्त वहिवाट राहिली. १८९१ च्या स्टेप कायद्याने गरजेपेक्षा ‘जादा’ जमीन काढून घेण्याची वाट केली. मग जादा किती, हे मोजायला १८९६ ते १९०३ या काळात फ्योदोर शेर्बिना या संख्याशास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली मोठी पाहणी झाली. एका कुटुंबाला किती जनावरे लागतात, एका जनावराला किती जमीन, असा गुणाकार करायचा आणि उरलेले क्षेत्र रशियन शेतकऱ्यांना वाटायचे. पाहणी प्रामाणिक होती, तिच्यात अलिखान बुकेईखानोव्हसारखा कझाक अभ्यासकही राबला. पुढे याच माणसाने आलाश या राष्ट्रीय चळवळीचे नेतृत्व केले. दोष हिशेबाच्या पद्धतीत होता. तो सरासरी वर्षाचा हिशेब होता आणि झूत सरासरी वर्षी येत नाही. दहा वर्षांत नऊ वेळा न लागणारी दूरची कुरणे कागदावर जादा ठरली, आणि दहाव्या वर्षी जगायला तीच लागत होती. काही वर्षांत फेरपाहणी होऊन प्रमाण आणखी खाली आणले गेले. पहिल्या महायुद्धापर्यंत दहा लाखांहून अधिक शेतकरी स्टेपमध्ये आले, तेही अर्थातच पाण्याच्या आणि सुपीक काठांच्या आधाराने. १९१६ मध्ये पिछाडीच्या कामासाठी पुरुषांना सक्तीने नेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा तुर्गाईपासून आग्नेयेकडच्या सेमिरेच्येपर्यंत जो भडका उडाला, त्याच्या मुळाशी हे जमिनीचे दुखणे होते. पुढच्या राजवटीने तर वस्ती करण्याची सक्ती, सामुदायिक शेती आणि मांस-धान्याची वसुली यांचा एकदम मारा केला. १९३० ते १९३३ च्या दुष्काळात कझाकस्तानात सुमारे पंधरा लाख माणसे दगावली, त्यांत तेरा लाखांच्या आसपास कझाक होते, आणि नव्वद टक्क्यांच्या घरात पशुधन संपले. त्या संहाराचे खापर अठराव्या शतकातल्या किल्ल्यांवर फोडता येणार नाही. ती निराळ्या राज्यकर्त्यांची निराळी करणी होती. पण भटकणे म्हणजे मागासपण आणि न वापरलेली जमीन म्हणजे वाया गेलेली जमीन, ही समजूत त्यांना वारशाने मिळाली होती.

एक शेवटची शंका उरते. पशुपालन असे ना तसे मागे पडणारच होते. लोकसंख्या, रेल्वे, बाजार यांपुढे ते किती काळ टिकले असते? कदाचित फार काळ नाही. एकोणिसाव्या शतकात कित्येक कझाक कुटुंबे गवत साठवू लागली होती, थोडी शेती करू लागली होती, मेंढ्या विकून संपन्नही झाली होती. बदलाला त्यांची ना नव्हती. पण बदलण्यासाठी अंगात धुगधुगी लागते, आणि पशुपालकाच्या बाबतीत ती म्हणजे वाईट वर्षी निघून जाण्याची सोय. ती काढून घेऊन मग याला बदलता येत नाही, हा रानटीच आहे, असा निर्वाळा देणे म्हणजे आधी पाय बांधून मग चालण्याची परीक्षा घेण्यासारखे. केनेसारीने जाळलेला अकमोलिन्स्क पुन्हा बांधला गेला, वाढला, नावे बदलत गेला आणि १९९७ मध्ये स्वतंत्र कझाकस्तानची राजधानी झाला; तेच आजचे अस्ताना. तिथे इशिमच्या काठावर केनेसारीचा घोड्यावर बसलेला पुतळा आहे. किल्ल्यासाठी ती जागा निवडणाऱ्या अधिकाऱ्यांना नदीकाठ का हवा होता आणि केनेसारीला तो परत का हवा होता, याची उत्तरे वेगळी असली तरी काठ एकच होता.